लाल इंजेक्शन आणि उजवा कौल

आखातात वीसेक वर्षं डॉक्टरकी केली म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तिकडे उन्हाचे पेशंट खूप असतील ना?" असतात की. ऊन लागलेले, बोट कापलेले, पाठीत उसण भरलेले, सगळे असतात. पण दुबईतल्या करामा भागातल्या माझ्या दवाखान्यात जे सगळ्यात जास्त पाहिलं, त्याचं नाव सांगितलं की ऐकणाऱ्याचा विरस होतो. ते म्हणजे कमतरता. पोटभर जेवणाऱ्या, एसीत झोपणाऱ्या, महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या माणसांच्या अंगातली जीवनसत्त्वांची कमतरता.

हा आजार मोठा बेरकी. खोकत नाही, कण्हत नाही, तापाने फणफणत नाही. माणूस म्हणतो, "काही नाही हो डॉक्टर, जरा थकल्यासारखं होतं." घरचे म्हणतात, "मनाचे खेळ." आणि डॉक्टरही घाईत असला तर म्हणतो, "टॉनिक लिहून देतो."

करामातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक नाशिककडच्या बाई राहायच्या. हाडं दुखतात, जिना चढवत नाही, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. यजमानांचं निदान तयारच होतं, "हिला इथे करमत नाही." एकदा त्यांच्या मुलाच्या तापासाठी मी घरी गेले. खिडक्यांना आतून चांदीसारखा ॲल्युमिनियमचा कागद चिकटवलेला, कारण ऊन आलं की एसीचं बिल वाढतं. वर जाड पडदे. बाई घरातून उतरल्या की गाडीत आणि गाडीतून उतरल्या की मॉलमध्ये. ज्या देशात सूर्य वर्षभर आग ओकतो, त्या देशात या बाईच्या कातडीला ऊन ठाऊक नव्हतं. 'ड' जीवनसत्त्व अंगात तयार व्हायला ऊन लागतं, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. औषध दिलं आणि सांगितलं, रोज थोडा वेळ गच्चीत बसा. तर म्हणाल्या, "काळी पडेन ना हो!" मुलगा आतून ओरडला, "मम्मा, जस्ट डू इट!" बाई बसल्या आणि काही महिन्यांनी जिना चढू लागल्या. यजमान म्हणाले, "आता हिला इथे करमतंय वाटतं." असो.

पण आज सांगायचंय ते मनोहर परबबद्दल. हे नाव खरं नाही. ज्या व्यक्तीने ते बदलायला सांगितलं तिची गाठ शेवटी पडेलच.

आठवड्यातून दोन दिवस मी शारजाला हमरिया फ्री झोन नावाच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीच्या कामगार कॅम्पवर जायची. पोर्टा केबिनमध्ये दवाखाना. एक टेबल, एक पलंग, औषधांचं कपाट आणि लीलाम्मा नावाच्या सिस्टर, ज्या माझ्यापेक्षा जास्त वेळ तिथे असायच्या आणि त्यामुळे माझ्यापेक्षा जास्त जरब ठेवून होत्या. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. फ्री झोन नवा होता आणि जिकडे बघावं तिकडे लोखंडाचे सांगाडे उभे राहत होते.

एका सकाळी मॅथ्यू फोरमन एका माणसाला दंडाला धरून आत घेऊन आला. मॅथ्यू केरळचा, तसा भला माणूस, पण सकाळी सकाळी त्याचा पारा चढलेला असायचा.

"मॅडम, ये आदमी सुबह-सुबह पी के आता है. देखो चलता कैसा है. आप खाली लिख के दो, बाकी ऑफिस देखेगा."

शारजात दारूला सक्त बंदी. शेजारच्या अमिरातीत मिळते म्हणून लोक चोरून आणतात, पण पकडला गेला तर आधी जेल आणि मग विमान. कंपनी असली भानगड पोलिसांपर्यंत जाऊ देत नसे. व्हिसा रद्द करून गुपचूप घरी पाठवत असे. म्हणजे मी काय लिहिते त्यावर या माणसाची नोकरी होती.

माणूस तिशीच्या पुढचा, काटक. स्कॅफोल्डर, म्हणजे इमारतीभोवती पाइपांची परांची बांधणारा. दिवसभर उंचावर काम. तो चालत होता ते मात्र खरंच बघण्यासारखं होतं. पाय फाकवून, टाच जमिनीवर आपटत, नजर खाली आपल्याच पावलांवर. झिंगलेला माणूसही लांबून असाच दिसतो. मी जवळ जाऊन वास घेतला. साबणाचा वास होता.

"काय नाव?"

"मनोहर परब. मॅडम, मी पीत नाय हो."

त्याच्या मागून एकजण न विचारता आत घुसला. "मी अस्लम, मॅडम. ह्याच्याच रूममधला. मी पण आमच्या तिकडचाच, ह्याच्या गावापासून दोन गावं पलीकडे. अल्लाची शपथ, हा पीत नाय. अहो, हा मासे पण खात नाय! मी समोर बसून बांगडा तळतो आणि हा डाळीत भात कालवतो. कोकणातला माणूस बांगड्याकडे बघून मान फिरवतो, तो दारू पिईल?"

वकिली म्हणून हे काही फार भक्कम नव्हतं, पण माझे कान टवकारले. लीलाम्मांनी अस्लमला बाहेर काढायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, राहू दे.

"मासे का नाही खात?" मी मनोहरला विचारलं.

अस्लमच म्हणाला, "नवस आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एका सुट्टीत नवरा-बायको गावच्या देवीपुढे उभे राहिले आणि याने बोलून टाकलं, मूल होईपर्यंत मासळी, मटण, अंडं तोंडाला लावणार नाही. त्याला आता सहा-सात वर्षं होत आली होती. दूध त्याला लहानपणापासून आवडत नसे आणि कॅम्पात चहा म्हणजे सुलेमानी, बिनदुधाचा. मेसमधून भात, डाळ, लोणचं. बस्स.

"सुट्टी कितीदा मिळते?"

"दोन वर्षांनी एकदा. महिनाभर."

"अहो, मग देवी तरी काय करणार?" माझ्या तोंडून निघून गेलं. अस्लम खो खो हसला. मनोहर हसला नाही. मला त्याची दया आली आणि स्वतःच्या जिभेचा रागही आला, पण कामात असताना मी तो फार वेळ ठेवत नसे.

बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व आहे. ते भाजीपाल्यात, धान्यात नसतं. मासे, मांस, अंडी आणि थोडंफार दूध, एवढीच त्याची ठिकाणं. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून हे सगळं सोडलं तर लगेच काही होत नाही. माणूस आरामात हिंडतो फिरतो आणि साठा संपेपर्यंत आपण काय सोडलं होतं हेही त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं. मग दोन गोष्टी होतात. रक्त कमी होतं, आणि नसांवरचं आवरण, विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं ना तसं, झिजायला लागतं. पायांकडून मेंदूकडे जाणारी बातमी वाटेतच गळते. आपलं पाऊल कुठे पडलंय हे माणसाला कळत नाही, ते त्याला डोळ्यांनी बघावं लागतं.

मी चिमटा वाजवून त्याच्या अंगठ्यावर ठेवला. हा चिमटा म्हणजे आमचं एक जुनं साधन, वाजवला की थरथरतो. "काही जाणवतंय?" नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाला, "हां, आता गुणगुणल्यासारखं वाटतंय." डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला. तो प्रत्येक वेळी अंदाजाने ठोकून देत होता. जीभ लालभडक, गुळगुळीत.

"चप्पल पायातून निसटते का?"

त्याने चमकून बघितलं. "निसटते. मला कळत पण नाय. मागचा माणूस हाक मारून सांगतो, परब, तुझी चप्पल राहिली."

"आणि तोंडाला साबण लावल्यावर?"

"पडतो मॅडम. दोनदा बेसिनवर आपटलो. तुमका... तुम्हाला कसं कळलं?"

डोळे मिटले की बिचाऱ्याला पाय उरत नव्हते. मी मॅथ्यूला म्हटलं, "आता बघ." मनोहरला दोन्ही पावलं जुळवून उभं केलं. डोळे उघडे असताना उभा राहिला. मग म्हटलं, "डोळे मिट." मिटले आणि तो सरळ मॅथ्यूच्या अंगावर कोसळला. मॅथ्यूने त्याला मिठीत धरलं आणि क्षणभर दोघे तसेच राहिले.

"दारू प्यायलेला डोळे उघडे असले तरी झुलतो," मी म्हटलं. "याला डोळे उघडे असले की निभावतं. हा आजार आहे, दारू नाही."

मॅथ्यूचा चेहरा उतरला. "ओके मॅडम. पीता नहीं है, मान लिया." मग तो थांबला आणि त्याने विचारला तो प्रश्न फोरमनचाच होता. "लेकिन ऊपर कैसे चढ़ेगा?"

तेच तर. दारूचा आरोप गेला म्हणून नोकरी वाचली असं नव्हतं. ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर, फिट ऑर अनफिट? महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर खलास." आणि नोकरीपेक्षा मोठी काळजी मला होती ती त्याच्या पायांची. या आजारात नसा एका मर्यादेपर्यंत सावरतात. ती ओलांडली की कितीही औषध ओता, गेलेलं परत येत नाही. याला आणखी एक गोष्ट नडली होती. आधी फिकट दिसतो म्हणून बाहेरच्या कुणा डॉक्टरने लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी रक्त सुधारलं, चेहऱ्यावर लाली आली, आणि खाली नसा जळतच राहिल्या. बाहेरून रंग दिला आणि आत वाळवी तशीच. त्यामुळे ओळखायला उशीर झाला होता.

रक्त तपासायला पाठवलं, पण निकालाची वाट बघायची गरज नव्हती. मी लीलाम्मांना इंजेक्शन भरायला सांगितलं. बी-ट्वेल्व्हचं औषध लालचुटुक असतं, डाळिंबाच्या रसासारखं. मनोहरने ती सिरिंज बघितली आणि बाही खाली ओढली.

"हे लिव्हरचं ना?"

"कोण म्हणालं?"

"माझ्या काकांना द्यायचे गावात, अशक्तपणासाठी. असंच लाल. कंपाउंडर सांगायचा, बकऱ्याच्या काळजातून काढतात."

कंपाउंडर खोटं बोलत नव्हता. पूर्वी खरोखरच लिव्हरच्या अर्काची इंजेक्शनं मिळत. मी समजावलं की आता तसं नाही. आता मोठ्या टाक्यांमध्ये सूक्ष्म जंतू वाढवतात आणि ते जंतू हे बनवतात. इडलीचं पीठ आंबतं ना, तसंच काहीसं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही बघितलंय मॅडम? बनवताना?"

आता काय सांगायचं? मी कारखाना कुठे बघितला होता! इथे दुसऱ्या कुणी ठोकून दिलं असतं, हो, बघितलंय. मला ते जमलं नाही. म्हटलं, "बघितलं नाही, पण मला ठाऊक आहे."

"मग नको," तो म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. दुकानात एखादा रंग नको म्हणावं तसं म्हणाला.

मी चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, "अरे, पांगळा होशील! कंपनी घरी पाठवेल. कुबड्या घेऊन देवीपुढे उभा राहणार आहेस का?" तो खाली बघत राहिला. म्हणाला, "इतकी वर्षं पाळलंय मॅडम. आता मीच मोडलं आणि मूल झालं नाही, तर सुनंदाला काय सांगू?" सुनंदा ही त्याची बायको.

बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आमच्या कपाटात नव्हत्या, आणि असत्या तरी या अवस्थेत मी त्यांच्यावर विसंबले नसते. दूध पी म्हटलं तर तेवढ्याने इतकी मोठी तूट भरून निघायला जन्म गेला असता. मी हात टेकले. तेव्हा दारात उभा असलेला अस्लम म्हणाला, "मॅडम, तुम्ही घाटावरच्या. तुम्हाला नाय समजायचं. हे डॉक्टरचं काम नाय. ह्याच्या देवीला कौल लावायला पाहिजे."

मी कराडची. कौल म्हणजे घरावरचं, एवढंच मला ठाऊक. मग या मुसलमान पोराने मला देवीचा कारभार समजावून सांगितला. गावात काही अडलं, म्हणजे लग्न जमवायचं, विहीर खणायची, मुंबईला जायचं, की देवळात जाऊन देवीला विचारतात. गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, देवीच्या पाषाणाला फुलांच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजव्या बाजूची पाकळी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. "उजवा कौल आला तर हा तुमचं इंजेक्शन काय, सळई पण टोचून घेईल," अस्लम म्हणाला.

"आणि डावा आला तर?"

अस्लमने खांदे उडवले. "मग इन्शाल्ला बघू."

मी मनोहरकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच मान वर करून बघत होता. "देवी हो म्हणाली तर घेतो," तो म्हणाला. "तिचा नवस, तिलाच विचारायचा."

झालं. एका माणसाच्या पाठीच्या कण्यातल्या नसा हजारभर मैलांवरच्या एका फुलाच्या पाकळीवर लोंबकळत राहिल्या. गावात फोन एकच, एसटी थांब्याजवळच्या दुकानात. त्या दुकानदाराने सुनंदाला निरोप द्यायचा, तिने येऊन थांबायचं, मग अस्लम इथून पुन्हा फोन लावणार. मनोहरने तिला सगळं समजावून सांगितलं. देवळात जा, गुरवाला घेऊन विचार, आणि काय तो निकाल कळव. मी त्याला परांचीवर न चढवण्याचं लेखी दिलं आणि गप्प बसले. माझ्या हातात दुसरं होतं काय?

त्या आठवड्यात तो आणखी बिघडला. जेवणाची थाळी घेऊन मेसमध्ये पडला. अस्लम त्याला हाताला धरून संडासापर्यंत न्यायचा. मॅथ्यू दोनदा येऊन विचारून गेला, "मॅडम, फोन आया?" त्याला कौल काय ते कुणी आणि कसं समजावलं होतं देव जाणे, पण बोटाने उजवीकडे दाखवून तो विचारायचा, "राइट साइड?"

नंतरच्या खेपेला मी कॅम्पवर पोचले तर अस्लम पोर्टा केबिनच्या पायरीवरच बसलेला. मला बघताच उठून ओरडला, "उजवा पडला मॅडम! यल्ला, चला, सुई काढा!"

मनोहरने स्वतःहून बाही वर केली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. बसलेला होता म्हणून पडला नाही. मी लीलाम्मांना म्हटलं, "चला, देवीचा सेकंड ओपिनियन आला." त्या छातीवर क्रूसाची खूण करून मोकळ्या झाल्या.

आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला अशी इंजेक्शनं चालली. महिनाअखेरीला मी साहेबांना लिहून दिलं, सुधारतो आहे, जमिनीवरचं काम द्या. मॅथ्यूनेच त्याला हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवून घेतलं. हळूहळू तो डोळे मिटून उभा राहू लागला. एके दिवशी मुद्दाम मला दाखवायला तोंडाला साबण लावून बेसिनपाशी उभा राहिला आणि मिशीतला फेस न पुसताच हसत बाहेर आला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. अंगठ्यावरचा चिमटा मात्र त्याला पुन्हा कधी जाणवला नाही. तेवढा उशीर झालाच होता. परांचीवर तो परत चढला नाही आणि काही वर्षांनी गावी परत गेला.

मी निवृत्त होऊन भारतात आले. त्यानंतर एकदा तळकोकणात जाणं झालं तेव्हा त्याचा पत्ता काढून गेले. घर नीटनेटकं, समोर माड, बाजूला छोटं किराणा दुकान. मनोहर धावत आला, म्हणजे त्याच्या परीने, टाच आपटत. मुलाबाळांचं काही दिसलं नाही. मी विचारलं नाही.

"अजून इंजेक्शन चालू आहे ना?"

"दर महिन्याला. आरोग्य केंद्रातली नर्स नवीन आली की आधी सांगतो, हे देवीच्या परवानगीने चालू आहे."

"आणि मासे?"

"ते कसे खाणार? नवस कुठे फिटलाय?"

मला जेवायला थांबवून घेतलं. तो मागे नारळ काढायला गेला आणि मी चुलीपाशी सुनंदाशी बोलत बसले. पाहुणीसाठी ती सुरमई तळत होती. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमच्या देवीने त्या वेळी उजवा कौल दिला म्हणून बरं. नाहीतर या माणसाने माझं ऐकलं नसतं."

ती तुकड्या उलटत राहिली. मग मागच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी देवळात गेलेच नाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"दुकानातून फोन ठेवला आणि देवळाच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेत पाय थांबले. म्हटलं, विचारलं आणि डावा पडला तर? मग ह्यांनी ऐकलं नसतं. पांगळे झाले असते, माझ्या पोटी मूल यावं म्हणून. तशीच मागे फिरले. पुढच्या आठवड्यात अस्लमभाईंचा फोन आला, तेव्हा सांगितलं, उजवा पडला. गुरवाला पण ठाऊक नाय. तुम्ही कुठे लिहिलंत तर लिहा, पण नाव बदला. हे वाचत बिचत नाय काही."

मी म्हटलं, "चांगलं केलंत तुम्ही." डॉक्टर म्हणून एवढंच सुचलं.

"देवीच्या नावाने खोटं बोलले. मूल झालं नाय ते त्यामुळेच असेल, असं वाटतं."

"नाही हो सुनंदाताई, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"तुम्ही घाटावरच्या," ती म्हणाली, आणि थोडीशी हसली.

बाहेरून पावलं ऐकू आली. टाच आपटत येणारी, एकामागून एक. तिने तव्याखालचा जाळ कमी केला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "पण चालतात ना."